दरवर्षी नवा फोन घ्यावा का? आधी नेमकं काय जुनं झालंय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेली काही वर्षं तुम्ही दरवर्षी फोन बदलता, लॅपटॉप आणि इअरबड्सही फार काळ ठेवत नाही. जुना फोन लगेच विकला की बरी किंमत येते, नवा कायम वॉरंटीत राहतो आणि बॅटरीची कटकट मागे लागत नाही, असा तुमचा हिशेब. घरच्यांना मात्र ही उधळपट्टी वाटते. बरोबर कोण?

माझं काम दुरुस्तीचं. फोन आणि लॅपटॉप उघडायचे, बोर्डवरचं काय गेलंय ते शोधायचं, हे मी बरीच वर्षं करतोय. ज्याचं पोट दुरुस्तीवर तो ‘नवं घेऊ नका’ असंच म्हणणार, असं तुम्हाला वाटू शकतं, आणि तो संशय रास्त आहे. पण मीही लोकांना नवा फोन घ्यायला सांगतो, कधी कधी तर दुरुस्तीचं काम सोडून देऊन सांगतो. वर्ष उलटलं एवढ्याच कारणासाठी मात्र आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

यंत्र सगळं एकदम म्हातारं होत नाही. फोनमधला प्रोसेसर पाच-सात वर्षांनीही जवळपास पहिल्या दिवसाइतकंच काम करू शकतो, त्यात झिजण्यासारखं फारसं काही नसतं. बॅटरी मात्र पहिल्या दिवसापासून झिजायला लागते. स्टोरेजचं या दोन्हींच्या मधे कुठेतरी. चार्जिंगचं पोर्ट, बटणं, स्पीकरची जाळी यांचं आयुष्य घाम, धूळ आणि खिशातल्या धाग्यादोऱ्यांवर ठरतं. सॉफ्टवेअर किती वर्षं मिळणार हे तर कंपनीच्या कार्यालयात ठरतं, तुम्ही फोन किती जपता याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘फोन जुना झाला’ ही तक्रार घेऊन माणूस येतो तेव्हा बहुतेक वेळा यातला एकच भाग जुना झालेला असतो. तो कोणता, हे न बघता अख्खा फोन बदलला जातो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दरवर्षी बदलायची सवय मुळात खुळी नव्हती, हेही सांगायला हवं. २००७ च्या पहिल्या आयफोनवर ॲप स्टोअर नव्हतं, ३जी नव्हतं, व्हिडिओ काढता येत नव्हता, कॉपी-पेस्टसुद्धा नव्हतं. २००८ मध्ये ३जी आणि ॲप स्टोअर आलं, २००९ मध्ये व्हिडिओ आणि कॉपी-पेस्ट, २०१० मध्ये आधीच्या चौपट पिक्सेलचा पडदा. त्या काळात वर्षभर जुना फोन खरोखरच मागासलेला असे, कारण काल जे होत नव्हतं ते आज होत होतं. आता नव्या मॉडेलचा प्रोसेसर बहुतेक वर्षी दहा-वीस टक्के पुढे सरकतो. चाचणीच्या आकड्यांत ते दिसतं, मेसेज उघडताना, नकाशा बघताना, फोटो पाठवताना हाताला कळत नाही. चिपवरच्या ट्रान्झिस्टरची, म्हणजे सूक्ष्म विद्युत स्विचांची, संख्या दरवर्षी दुप्पट होईल असं इंटेल या चिप कंपनीचे सहसंस्थापक गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये म्हटलं होतं, आणि १९७५ मध्ये त्यांनी स्वतःच ते दर दोन वर्षांवर आणलं. जाहिरात विभागांपर्यंत ही सुधारणा अजून पोचलेली दिसत नाही. जगभरातली स्मार्टफोनची विक्री २०१६-१७ नंतर वाढायची थांबली, ती लोकांना हे जाणवल्यामुळेही असणार.

आता बॅटरी, कारण तुमच्या हिशेबाचा कणा तीच आहे.

लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात, वापरताना परत बाहेर येतात. या ये-जा करण्यात ग्राफाइटवर एक पातळ थर साचत जातो आणि थोडं थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. म्हणून क्षमता घटते. पण क्षमतेपेक्षा जास्त त्रास देतो तो बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटच्या वाटेतला अडथळा, तोही वाढत जातो. कॅमेरा, फ्लॅश किंवा जड गेम एकदम जास्त करंट मागतो, रोध वाढलेली बॅटरी तो देऊ शकत नाही, व्होल्टेज धप्पकन खाली येतं आणि तीस टक्के चार्ज दाखवणारा फोन बंद पडतो. थंडीत हे जास्त होतं. लोकांना वाटतं मदरबोर्ड गेला.

याच दुखण्यावर ॲपलने जानेवारी २०१७ मध्ये आयफोनच्या आयओएस १०.२.१ या अपडेटमधून एक उपाय केला. बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरचा वेग कमी करायचा, म्हणजे फोन अचानक बंद पडणार नाही. तांत्रिकदृष्ट्या उपाय चुकीचा नव्हता. पण फोन हळू होण्याचं कारण बॅटरी आहे हे वापरणाऱ्याला नीट सांगितलंच नाही, आणि डिसेंबर २०१७ मध्ये ते बाहेर आल्यावर गदारोळ झाला. मग २०१८ चं वर्षभर कंपनीने बॅटरी बदलण्याचा दर निम्म्याहून खाली आणला. पुढचं जास्त बोलकं आहे. २ जानेवारी २०१९ ला कंपनीप्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून त्या तिमाहीचा महसूल अपेक्षेपेक्षा कमी येणार असल्याचं कळवलं. मुख्य कारणं वेगळी होती, पण त्या यादीत एक कारण असं होतं की काही ग्राहकांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतली. म्हणजे बॅटरी बदलल्यावर त्या लोकांना नव्या फोनची गरज वाटेना, आणि हे खुद्द विकणाऱ्याच्या पत्रात आहे.

बॅटरी किती टिकते याचे आकडे आता बऱ्यापैकी उघड आहेत. शून्य ते शंभर इतका एकूण वापर झाला की एक सायकल मोजतात. दोनदा पन्नास-पन्नास टक्के वापरली तरी एकच. आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलांसाठी ॲपल ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता उरेल असं सांगते, आयफोन १५ पासून तोच आकडा १००० आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या स्मार्टफोनना किमान ८०० सायकलची अट घातली आहे. रोज एक सायकल धरली तर ५०० म्हणजे साधारण सोळा महिने आणि १००० म्हणजे पावणेतीन वर्षं. बहुतेकांची रोज पूर्ण सायकल होत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्तच. म्हणजे जुन्या पिढीचा फोन दणकून वापरणाऱ्याला दीड-दोन वर्षांनी बॅटरी जाणवते हे खरंच आहे. पण एका वर्षात निरोगी बॅटरी बदलायला येण्याइतकी थकत नाही. थकली असेल तर उष्णतेने, म्हणजे चार्जिंगला लावूनच गेम खेळणं, उन्हात गाडीच्या काचेशी नकाशा लावणं, उशीखाली चार्ज करणं. उष्णता आणि शंभर टक्के चार्ज या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की बॅटरी सर्वात लवकर मरते. नव्या फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती लावा. ज्या दिवशी चार्ज दिवसभर पुरणार नसेल त्या दिवशी काढा. याच्यापलीकडे बॅटरीची काळजी करत बसू नका, फोन तुमच्यासाठी आहे.

बॅटरी बदलून घेताना मात्र दोन गोष्टी सांभाळा. हलक्या सेलवर चांगल्या कंपनीचं लेबल चिकटवून विकणारे पुष्कळ आहेत. असा सेल पहिले दोन महिने झकास चालतो आणि मग फुगतो. आणि फोन एकदा उघडला की पाणी अडवणारा गोंद फाटतो. नवा गोंद नीट लावला नाही तर आयपी ६८ ही पाणी-धूळ न शिरण्याची खूण नुसती कागदावर राहते. तसंही न उघडलेल्या फोनचा गोंद काही वर्षांत सैल पडतोच, म्हणून जुना फोन घेऊन पोहायला उतरू नये.

आता तुमचा वॉरंटीचा मुद्दा. इथे तुमचा हिशेब उलटा पडतो असं माझं मत आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तू बिघडण्याचा आलेख विश्वासार्हतेच्या शास्त्रात बाथटबच्या आकाराचा काढतात. सुरुवातीला बिघाड जास्त, कारण कारखान्यात कच्चा राहिलेला सोल्डरचा जोड, अर्धवट बसलेला कनेक्टर, सदोष चिप हे सगळं पहिल्या काही महिन्यांत उघड होतं. मग लांबलचक सपाट भाग, जिथे बिघाड सर्वात कमी. शेवटी झीज सुरू झाली की आलेख पुन्हा चढतो. ज्या फोनने पहिलं वर्ष विनातक्रार काढलं तो त्या सपाट, सर्वात भरवशाच्या भागात आहे. तुम्ही नेमका त्याच वेळी तो विकता आणि पुन्हा आलेखाच्या सुरुवातीच्या टोकाला जाऊन उभे राहता. वॉरंटी दुरुस्तीचा खर्च देते. डेटा परत देत नाही, आणि फोन सर्व्हिस सेंटरला गेल्यावरचे ते दिवसही देत नाही.

डेटावरून आठवलं. फोन बदलण्याच्या दिवशी जितकं हरवतं तितकं बाकी वर्षभरात हरवत नाही. फोटो हल्ली नीट जातात. अडतात ते दोन पायऱ्यांच्या पडताळणीचे कोड बनवणारी ॲप, चॅटचा बॅकअप न घेतलेला इतिहास, जुन्या फोनला बांधलेली बँकेची ॲप. लोक जुना फोन पुसून, विकून मोकळे होतात आणि मग धावत येतात. तोवर तो फोन आणि त्यातली डेटा उघडणारी सांकेतिक किल्ली दोन्ही गेलेलं असतं, आणि माझ्या हातात करण्यासारखं काहीच नसतं. दरवर्षी बदलायचं तर ही जोखीम दरवर्षी घ्यायची.

विकण्याचा हिशेब बघू. कोणत्याही नव्या उपकरणाची किंमत पहिल्या वर्षात सर्वात जोरात पडते, नंतर उतार मंदावत जातो. दर बारा महिन्यांनी विकणारा माणूस कायम त्या सर्वात तीव्र उताराचेच पैसे भरत असतो. ‘जुन्याला चांगली किंमत आली’ हे तुम्ही बघता. किती टक्के परत आले यापेक्षा किती रक्कम गेली ते लिहून काढा, आणि ती दरवर्षीची मिळवा. चार वर्षं एकच फोन वापरून, मधे एकदा बॅटरी बदलून शेवटी तो किरकोळ किमतीला विकणाऱ्याशी तुलना करा. बहुतेक वेळा तोच स्वस्तात सुटलेला दिसेल. तुमच्या सवयीचा खरा फायदा तुमचा वर्षभर जुना फोन विकत घेणाऱ्याला होतो: पहिल्या वर्षाची घसरण तुम्ही सोसली, फोन सदोष असेल तर तो दोष तुमच्याकडेच उघड झाला, आणि सपाट भाग त्याला मिळाला. पैसे वाचवायचे असतील तर त्याच्या जागी जाऊन उभे राहा. अदलाबदलीच्या योजनांबद्दल इतकंच की जाहिरातीतली ‘पर्यंत’ लिहिलेली रक्कम निर्दोष, वरच्या मॉडेलला लागू असते. आणि हप्त्यावर घेतलेला फोन हप्ते संपायच्या आत बदलायची पाळी येत असेल तर काहीतरी चुकतंय.

सॉफ्टवेअरचं मात्र मी गंभीरपणे घेतो. नवा फोन घ्या असं मी ज्यांना सांगतो त्यातल्या बऱ्याच जणांना याच कारणाने सांगतो. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये स्टेजफ्राइट नावाची त्रुटी सापडली. नुसता एक मल्टिमीडिया मेसेज पाठवून फोनमध्ये शिरता येण्याची शक्यता होती. त्यानंतर गूगलने दर महिन्याला सुरक्षा अपडेट काढायला सुरुवात केली. ज्या फोनला असे अपडेट येणं बंद झालंय त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत, फोन कितीही चकचकीत असो. त्यावर गाणी ऐका, मुलांना चित्रं काढायला द्या, घड्याळ म्हणून टेबलावर ठेवा. दुसरी चाहूल ॲपकडून लागते. उदाहरणार्थ व्हॉट्सॲपने २०२५ च्या सुरुवातीला अँड्रॉइड ५ च्या आधीच्या फोनवर चालणं बंद केलं. तिसरी नेटवर्ककडून: अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी सेवा बंद केली आणि चालू स्थितीतले कितीतरी फोन कॉल करण्यापुरतेही उरले नाहीत. यातल्या कशाचीही दुरुस्ती टेबलावर होत नाही.

पण हाच मुद्दा दरवर्षी बदलण्याच्या विरुद्ध जातो, कारण ही मुदत आता लांबली आहे. २०१६ च्या पहिल्या पिक्सेलला, म्हणजे गूगलच्या फोनला, तीन वर्षांचे सुरक्षा अपडेट होते आणि त्या काळी अँड्रॉइडच्या जगात तेही बरे मानले जात. ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ ला गूगलने सात वर्षांचं आश्वासन दिलं, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ ला तेवढंच दिलं. २०१५ च्या आयफोन ६एस ला आयओएस ९ पासून १५ पर्यंत सगळ्या आवृत्त्या मिळाल्या. सात वर्षांची मुदत असलेला फोन एका वर्षात काढून टाकणं म्हणजे सहा वर्षांचे पैसे देऊन ती न वापरणं. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलांना मात्र दोन-तीन वर्षंच मिळतात, आणि ही मुदत बहुधा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. ‘गेल्या वर्षीचं मॉडेल सवलतीत’ घेताना लोकांची फसगत इथेच होते.

‘फोन हँग होतो’ या तक्रारीवर माझा पहिला प्रश्न असतो: स्टोरेज किती मोकळं आहे? फ्लॅश मेमरीत लिहिण्याआधी आधीचे ठोकळे पुसावे लागतात. जागा काठोकाठ भरली की प्रत्येक नव्या फाइलसाठी आतल्या आत हलवाहलव सुरू होते आणि फोन अडखळतो. २०१२ चा नेक्सस ७ हा टॅबलेट काही महिन्यांत रडतखडत चालायला लागला होता. २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.३ ने मोकळी जागा नीट आवरून ठेवण्याची सोय आणली आणि तोच टॅबलेट बराच सुधारला. दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी ठेवा. भरून वाहत असेल तर व्हिडिओ दुसरीकडे हलवा, वर्षभर न उघडलेली ॲप काढा, नाहीच जमलं तर बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट करा. एवढ्यावर नवा फोन घ्यायचा विचार सोडून परत गेलेले लोक मी खूप पाहिले आहेत.

कॅमेऱ्यासाठी बदलणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो. हल्लीचा बराचसा ‘कॅमेरा’ सॉफ्टवेअरमध्ये असतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये गूगलने अंधारात फोटो काढण्याची नाइट साइट ही सोय आणली, ती नव्या पिक्सेल ३ सोबत दोन वर्षं जुन्या पहिल्या पिक्सेललाही दिली. भिंग आणि सेन्सर तेच, फोटो वेगळे. उलटही घडतं. २०२४ मध्ये ॲपल इंटेलिजन्स या नावाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी आल्या तेव्हा जेमतेम वर्षाचा साधा आयफोन १५ त्यातून वगळला गेला, कारण त्यात ६ जीबी रॅम होती आणि लागत होती ८. दरवर्षी बदलणाऱ्याला यात आपली बाजू बळकट झाल्यासारखी वाटेल. मी वेगळा अर्थ काढतो: एकदाच घ्या, पण रॅम आणि स्टोरेज एक पायरी वरचं घ्या. या दोन गोष्टी बहुतेक फोनमध्ये मागाहून वाढवता येत नाहीत. रंग, चौकट, पाठीमागची काच यांवर खर्च करण्यापेक्षा पैसे तिथे घाला.

लॅपटॉपची गोष्ट अजून सोपी. मी पाहिलेली सर्वात मोठी उडी नव्या लॅपटॉपने आलेली नाही, जुन्याची हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवरची डिस्क, बसवल्यावर आली. आजही कोणाकडे फिरती डिस्क असेल तर आधी तेवढं करा. त्याच्या खालोखाल पंख्यातली धूळ आणि प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळणं: लॅपटॉप तापतो, प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि मालक म्हणतो ‘स्लो झाला’. खऱ्या उड्या येतात तेव्हा त्या कळतात. २०२० च्या नोव्हेंबरमधली ॲपलची एम१ चिप ही तशी उडी होती, बॅटरी आणि वेग दोन्हींत. पण अशी वर्षं क्वचित येतात आणि आधी सांगून येत नाहीत. विंडोजवाल्यांची अडचण दुसरी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचा धडधाकट लॅपटॉप असेल तर घरगुती वापरासाठीची वर्षभराची वाढीव सुरक्षा मुदत घ्या किंवा त्यावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका. फक्त ब्राउझर आणि कागदपत्रं वापरणाऱ्याला लिनक्सवर आठवडाभरात फरक कळेनासा होतो. हे मत सगळ्यांना पटत नाही, मला माहीत आहे.

टीव्हीचं काही सांगण्यासारखं नाही. पडदा चांगला असेल आणि आतलं सॉफ्टवेअर रखडत असेल तर बाहेरून स्ट्रीमिंगची काडी लावा. टॅबलेट सर्वात जास्त टिकतात, कारण ते घरात राहतात आणि पडत नाहीत. इअरबड्स मात्र या सगळ्याला अपवाद. इवलीशी बॅटरी, रोज चार्ज, आणि बहुतेक मॉडेलं गोंदाने अशी बंद केलेली की उघडणं म्हणजे तोडणं. दोन-तीन वर्षांत ती जातात आणि त्यांच्यावर मी काही करू शकत नाही. म्हणून इअरबड्सवर फार पैसे घालू नका. घालायचेच असतील तर बॅटरी बदलता येणारा किंवा वायरवरही चालणारा हेडफोन घ्या. मनगटी घड्याळांचंही थोड्याफार फरकाने हेच.

मग बदलायचं कधी? सुरक्षा अपडेट संपले तर. मदरबोर्डला पाणी लागून गंज पसरला असेल तर. असा फोन एकदा साफ करून चालतो, पण त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. पडदा आणि बॅटरी दोन्ही एकदम गेले आणि दुरुस्तीचा खर्च तशाच वापरलेल्या फोनच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर मीच नको म्हणतो. व्हिडिओ संपादन करणाऱ्याचा तास-दोन तास रोज वाचत असेल तर वर्षाच्या आतही नवं यंत्र स्वतःचे पैसे फेडतं, त्याला कोणी उधळपट्टी म्हणू नये. नजर किंवा ऐकणं अधू असलेल्या माणसाला नव्या फोनमधली एखादी सोय दिवस सुकर करत असेल तर तेही पुरेसं कारण आहे. आणि बॅटरी फुगून पडदा उचलला गेला असेल तर फोन बदला किंवा बॅटरी बदला, पण आजच वापर थांबवा.

हौस हेही कारण असू शकतं. हौसेला मोल नाही आणि कोणी कशावर पैसे खर्चावे हे मी सांगणारा कोण. फक्त तिला बचतीचं नाव देऊ नका. घरच्यांशी वाद तिथेच होतोय असा माझा अंदाज आहे.

पर्यावरणाबद्दल थोडं. ॲपलच्या स्वतःच्या अहवालांनुसार आयफोनच्या पूर्ण आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे ८० टक्के उत्पादनातच होतं. तुमच्या चार्जिंगचा वाटा किरकोळ आहे. त्यामुळे ‘नवा फोन कमी वीज खातो’ या युक्तिवादाला अर्थ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या ई-कचरा अहवालात २०२२ सालचा जगाचा ई-कचरा ६.२ कोटी टन नोंदवला आहे आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला. वजनाने त्यात फोन थोडेच, फ्रीज आणि वॉशिंग मशीनसारख्या जड वस्तू पुष्कळ. पण फोनमध्ये सोनं, कोबाल्ट, तांबं दाटीने भरलेलं असतं आणि तेच घराघरांतल्या खणात पडून राहतात. तुमचा विकलेला फोन दुसऱ्याने चार वर्षं वापरला तर तुमच्या वाट्याचा दोष बराच कमी होतो, हे मी मानतो.

खणातल्या जुन्या फोनांचं काय करायचं हेही तुम्ही विचारलं होतं. ठेवायचेच असतील तर अर्ध्यापर्यंत चार्ज करून, बंद करून, थंड कोरड्या जागी ठेवा आणि दर काही महिन्यांनी पुन्हा अर्ध्यावर आणा. पूर्ण उतरलेली बॅटरी पडून राहिली की खराब होते. फुगलेला असेल तर चार्जरला लावू नका, दाबू किंवा टोचू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. चालू असेल तर लवकर विका किंवा देऊन टाका, कारण त्याची अपडेटची मुदत खणातही संपतच असते. देण्याआधी बॅकअप, पडताळणीची ॲप नव्या फोनवर नेणं, मग गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून साइन आउट, आणि सर्वात शेवटी फॅक्टरी रीसेट, याच क्रमाने. साइन आउट न करता सेटिंगबाहेरून परस्पर पुसलेला फोन जुन्या खात्याला कुलूपबंद राहतो. घेणाऱ्याला तो वापरता येत नाही आणि आमच्याकडे तो येतो तेव्हा पडदा, कॅमेरा, स्पीकर काढून घेण्यापलीकडे त्याचा उपयोग उरत नाही.